नोंदणी विवाह एप्रिलमध्ये, मुहूर्त डिसेंबरचा : कॅनडाच्या पीआर अर्जात काय लिहावे?

प्रश्नकर्ते सांगली जिल्ह्यातील असून वय बत्तीस वर्षे आहे. पुण्यात चार वर्षे आयटी कंपनीत काम केल्यानंतर त्यांनी ओंटारिओमध्ये दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. सध्या ते शिक्षणोत्तर वर्क परमिटवर, म्हणजे पीजीडब्ल्यूपीवर, नोकरी करत असून परमिट संपण्यास सात महिने उरले आहेत. एप्रिलमध्ये पुण्यात त्यांचा नोंदणी विवाह झाला. धार्मिक विधी आणि समारंभ डिसेंबरमध्ये आहे. गुणांनुसार निवड करून पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क, देणाऱ्या एक्स्प्रेस एन्ट्री पद्धतीच्या प्रोफाइलमध्ये मात्र, गुण घटतील या भीतीने, त्यांनी अद्याप ‘अविवाहित’ असेच ठेवले आहे. समारंभापर्यंत ते तसेच ठेवावे का, डिसेंबरमध्ये भारतात जाऊन येता येईल का, पत्नीला लगेच वर्क परमिट मिळेल का, पुण्यातील एजंट काही लाखांत देऊ करत असलेले ‘जॉब ऑफर’चे पत्र घ्यावे का, आणि नागरिकत्व घेण्याआधी गावाकडे शेतजमीन खरेदी करून ठेवावी का, असे त्यांचे पाच प्रश्न आहेत.

वर्क परमिट, पीआर आणि नागरिकत्व हे तीन वेगळे टप्पे आहेत असे अर्जदार मानतात. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या, म्हणजे आयआरसीसीच्या, दृष्टीने मात्र ती एकाच व्यक्तीची सलग नोंद असते. आपण विद्यार्थी व्हिसासाठी भारतातून दिलेली कुटुंबाची माहिती, नोकरीच्या तारखा आणि पत्ते त्या नोंदीत आजही आहेत. पीआरचा अर्ज तपासणारा अधिकारी ते समोर ठेवू शकतो आणि पुढे नागरिकत्वाचा अर्जही याच नोंदीशी ताडून पाहिला जातो. अर्जदाराची पात्रता बहुधा पुरेशी असते. अर्ज अडतात ते एका कागदावरची माहिती दुसऱ्या कागदाशी जुळत नाही म्हणून. त्यामुळे पुढील प्रत्येक उत्तरात मी नियमाइतकाच भर या जुळणीवर देत आहे.

पहिला प्रश्न सर्वांत गंभीर आहे. आपल्या समाजात ‘लग्न झाले’ असे म्हणतात ते अक्षता पडल्यावर, आणि व्हिसाच्या सोयीसाठी आधी केलेली नोंदणी ही निव्वळ कागदी बाब समजली जाते. कायदा तसे समजत नाही. आपला विवाह विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार तीस दिवसांची नोटीस देऊन, विवाह अधिकाऱ्यासमोर, तीन साक्षीदारांच्या सह्यांनी झाला असेल, तर त्या दिवसापासून आपण पूर्णपणे विवाहित आहात आणि डिसेंबरच्या समारंभाने त्यात काहीही भर पडत नाही. नोंदणी हिंदू विवाह कायद्याखालील असेल आणि प्रत्यक्षात कोणताही विधी झालेला नसेल, तर बाब अधिक नाजूक होते. विधीविना केवळ नोंदणीने हिंदू विवाह वैध ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र या निकालाचा आधार घेऊन अर्जात ‘अविवाहित’ लिहिण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. विवाहाचे सरकारी प्रमाणपत्र हाती असताना आणि पत्नीच्या पासपोर्टवर कदाचित आपले नाव पती म्हणून लागलेले असताना, अर्जात त्याचा उल्लेखच नसणे हे अधिकाऱ्याला लपवाछपवीसारखेच दिसेल. प्रमाणपत्र कोणत्या कायद्याखालचे आहे ते प्रथम पाहावे. हिंदू विवाह कायद्याखालचे असल्यास भारतातील वकिलाचे लेखी मत घ्यावे आणि सर्व वस्तुस्थिती स्पष्टीकरण पत्रात तारखांसह मांडावी.

याचे कारण दंडाइतकेच परिणामातही आहे. महत्त्वाची माहिती चुकीची देणे किंवा दडवणे यासाठी कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० नुसार पाच वर्षांची बंदी येते आणि त्या काळात पीआरचा अर्जही करता येत नाही. दुसरा परिणाम कमी लोकांना ठाऊक असतो. पीआरच्या वेळी ज्या जोडीदाराची किंवा अपत्याची माहिती दिली गेली नाही आणि त्यामुळे ज्यांची वैद्यकीय तपासणी झाली नाही, त्यांना पुढे कुटुंब प्रवर्गातून प्रायोजित करण्याचा मार्ग सर्वसाधारणपणे बंद होतो. नियमावलीतील ११७(९)(ड) या तरतुदीमुळे अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे दोन देशांत विभागलेली राहिली आहेत. अर्ज प्रलंबित असताना विवाह झाला किंवा मूल जन्मले तरी हेच लागू होते. पीआर प्रत्यक्ष मिळेपर्यंतचा प्रत्येक बदल कळवावा लागतो. जोडीदार सध्या सोबत येणार नसेल, तरी नाव, वैद्यकीय तपासणी आणि पोलिस प्रमाणपत्र हे सर्व द्यावेच लागते.

आपल्याला पीआरचा अर्ज करण्याचे निमंत्रण अजून आलेले नाही, ही समाधानाची बाब आहे. निमंत्रणापूर्वी प्रोफाइल दुरुस्त करता येते आणि ती दुरुस्ती आजच करावी. निमंत्रणानंतर चूक उघडकीस आली तर गुण फुगवून निमंत्रण मिळवल्याचा प्रश्न उभा राहतो आणि मग अर्ज नाकारला जाण्यास तेवढे कारण पुरते.

विवाहित लिहिल्यास गुण घटतील, ही आपली भीती अर्धवट खरी आहे. एक्स्प्रेस एन्ट्रीतील क्रमवारी ठरवणाऱ्या, एकूण १२०० गुणांच्या सीआरएस पद्धतीत बत्तीस वर्षांच्या अविवाहित अर्जदाराला वयाचे ९४ गुण मिळतात आणि जोडीदार सोबत येणार असलेल्या अर्जदाराला ८५. शिक्षण आणि भाषेचे गुणही थोडे कमी होतात. परंतु जोडीदाराचे स्वतःचे ४० पर्यंत गुण त्यात मिळवता येतात. त्यात भाषेचे २०, शिक्षणाचे १० आणि कॅनडातील अनुभवाचे १० आहेत. पत्नीने आयईएल्टीएस जनरल परीक्षा चांगल्या गुणांनी दिली आणि पदवीचे मूल्यांकन करून घेतले, तर घट बऱ्याच अंशी भरून निघते. परीक्षा जनरल प्रकारचीच असावी. शैक्षणिक प्रकारची परीक्षा येथे चालत नाही आणि या एका चुकीपायी शुल्क वाया गेलेले अनेक जण भेटतात. जोडीदार ‘सोबत येणार नाही’ असे दाखवून अविवाहिताचे गुण घेण्याचा मार्ग काही सल्लागार सुचवतात. खरोखरच पत्नीला भारतात राहायचे असेल तर ते गैर नाही. मात्र एकीकडे तसे लिहून दुसरीकडे तिच्या व्हिसाची घाई केली, तर अधिकारी खुलासा मागणारच.

गुण वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आपल्या स्वतःच्या भाषा परीक्षेत आहे. आयईएल्टीएसच्या लिसनिंगमध्ये ८ आणि उरलेल्या तिन्ही भागांत ७, म्हणजे कॅनडाच्या भाषा मोजपट्टीवर सीएलबी ९, गाठले की केवळ भाषेचेच नव्हे तर भारतातील अनुभव आणि शिक्षण यांच्याशी जोडलेले गुणही वाढतात. तीन वर्षांहून अधिक परदेशी अनुभव असलेल्याला सीएलबी ८ असताना २५ गुण मिळतात, ते ९ वर ५० होतात. एका भागात अर्ध्या बँडने मागे राहिलेल्या अर्जदाराने इतर काही करण्याआधी परीक्षा पुन्हा द्यावी असे माझे मत आहे. फ्रेंच हा दुसरा मार्ग आहे. २०२५ मध्ये कॅनडातील अनुभवावर आधारित सोडतींचा, म्हणजे निमंत्रणे देण्याच्या फेऱ्यांचा, किमान गुणांक सातत्याने पाचशेच्या वर असताना फ्रेंच भाषकांच्या सोडती त्याहून बऱ्याच खाली होत होत्या. तथापि शून्यापासून सुरुवात करून सात महिन्यांत त्या पातळीचे फ्रेंच येणे नोकरी करणाऱ्या माणसाला अवघड आहे, हेही सांगितले पाहिजे.

अनुभवाच्या पत्रांकडे वळू. कॅनडात व्यवसायांचे एनओसी, म्हणजे राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणाचे, संकेतांक आहेत आणि अर्जदार आपल्या हुद्द्यावरून संकेतांक निवडतो. अधिकारी हुद्दा पाहत नाही, तो कामाचे वर्णन पाहतो. नियुक्तिपत्रावर ‘सॉफ्टवेअर इंजिनीअर’ असले, तरी प्रत्यक्ष काम वापरकर्त्यांच्या तक्रारी सोडवण्याचे असेल, तर तो अनुभव २१२३१ (सॉफ्टवेअर इंजिनीअर) मध्ये न मोडता २२२२१ (वापरकर्ता साहाय्य तंत्रज्ञ) मध्ये मोडतो. दोन्ही कौशल्यपात्र गटांतच येतात, म्हणून कॅनडातील अनुभवाच्या पात्रतेला धक्का लागत नाही, पण चुकीचा संकेतांक दिल्यास अनुभव सिद्ध झाला नाही असे म्हणून अर्ज नाकारला जाऊ शकतो. पूर्ण वेळ शिकत असताना केलेले अर्धवेळ काम या प्रवर्गात मोजले जात नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पुण्यातील कंपन्या नोकरी सोडताना जे रिलीव्हिंग लेटर देतात, त्यात नाव, हुद्दा आणि दोन तारखा एवढेच असते. येथे लेटरहेडवरचे, सही असलेले आणि कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास, पगार व भत्ते नमूद केलेले पत्र लागते. एचआर विभाग ‘आमच्या धोरणात बसत नाही’ असे म्हणून टाळतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. अशा वेळी नकाराचा ईमेल जपून ठेवावा, तेव्हाच्या वरिष्ठाकडून कामाचे वर्णन करणारे प्रतिज्ञापत्र घ्यावे आणि सोबत पगारपत्रके, फॉर्म १६, भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक व बँकेचा खातेउतारा जोडावा. पीएफची नोंद यात विशेष उपयोगी पडते, कारण ती कंपनीने नव्हे तर सरकारी यंत्रणेने ठेवलेली असते. पत्रातील कामाचे वर्णन एनओसीच्या संकेतस्थळावरून शब्दशः उतरवू नये. अशी पत्रे अधिकाऱ्यांच्या रोजच्या पाहण्यातली असतात आणि ती संशयच वाढवतात.

आता वेळापत्रकाकडे पाहू. पीजीडब्ल्यूपी आयुष्यात एकदाच मिळते आणि पासपोर्टची मुदत कमी असल्यामुळे ती अपुरी मिळाली असेल तरच वाढवता येते. म्हणून निमंत्रण येऊन पीआरचा अर्ज दाखल झाला आणि तो परिपूर्ण असल्याची पोच मिळाली, की सेतू वर्क परमिटचा, म्हणजे पीआरचा निर्णय येईपर्यंत काम करू देणाऱ्या परमिटचा, अर्ज जुने परमिट संपण्याआधी करणे हा आपला मार्ग आहे. मुदतीच्या आत अर्ज केला तर निर्णय येईपर्यंत पूर्वीच्याच अटींवर काम चालू ठेवता येते. मुदत उलटली तर स्थिती पूर्ववत करून घेण्यासाठी ९० दिवस मिळतात, पण त्या काळात काम करता येत नाही. निमंत्रणानंतर अर्ज भरण्यास ६० दिवस असतात आणि ते फार लवकर संपतात. त्यातच २१ ऑगस्ट २०२५ पासून एक्स्प्रेस एन्ट्रीत वैद्यकीय तपासणी अर्जाआधीच करून घ्यावी लागते. एखादा कागद नसेल तर अर्ज अपूर्ण म्हणून परत येतो, निमंत्रण वाया जाते आणि सेतू परमिटचा आधारही जातो. त्यामुळे भारतातील पोलिस प्रमाणपत्र आणि पदवीचे मूल्यांकन निमंत्रणाची वाट न पाहता आजच सुरू करावे.

डिसेंबरच्या प्रवासाबाबत एक फरक समजून घ्यावा. परमिट राहण्याचा आणि काम करण्याचा अधिकार देते, तर पासपोर्टवरचा व्हिसा प्रवेशासाठी असतो. परमिट चालू असतानाही व्हिसा संपलेला असू शकतो आणि तो भारतात गेल्यावर नव्याने घेण्यात किती आठवडे जातील याची खात्री देता येत नाही. दोन्ही वैध असतानाच जावे आणि परमिटची मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी परतावे. विवाहाच्या धावपळीत परतीचे तिकीट पुढे ढकलून परमिटच्या शेवटच्या आठवड्यात उतरणे टाळावे. पूर्वी अमेरिकेच्या सीमेपर्यंत जाऊन लगेच परत येत तेथेच परमिट घेण्याची सोय होती, ती २३ डिसेंबर २०२४ पासून बंद झाली आहे.

पत्नीला वर्क परमिट सध्या मिळणार नाही. २१ जानेवारी २०२५ पासून कुशल कामगाराच्या जोडीदाराला खुले, म्हणजे कोणत्याही नियोक्त्याकडे काम करू देणारे, वर्क परमिट हवे असेल, तर कामगाराचे स्वतःचे परमिट किमान १६ महिने उरलेले असावे लागते आणि व्यवसायही ठरावीक गटांतला असावा लागतो. आपल्याकडे सात महिने आहेत. पत्नीला पीआरच्या अर्जात सोबत येणारी म्हणून दाखवणे हाच सरळ मार्ग आहे.

कागदपत्रांत मराठी माणसाला सर्वाधिक त्रास नावाचा होतो. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव आणि खाली आईचे नाव असते. पासपोर्टवर वडिलांचे नाव पहिल्या नावाला जोडलेले असते आणि येथील नोकरीच्या कागदांवर ते गळून पडते. विवाहानंतर पत्नीचे आडनाव तर बदलतेच, शिवाय मधले नावही वडिलांऐवजी पतीचे होते, आणि क्वचित पहिले नावही बदलते. अर्जातील ‘इतर नावे’ या रकान्यात ही सर्व रूपे लिहावीत. नाव एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि नावबदल झाला असल्यास महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील प्रसिद्धी जोडावी. आपली पदवी २०१४ पूर्वीची असेल तर तिच्यावर ‘पुणे विद्यापीठ’ असेल आणि आज येणाऱ्या ट्रान्स्क्रिप्टवर ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ असेल. त्याचा एका ओळीत खुलासा करावा. केवळ मराठीत असलेल्या दाखल्यांचे भाषांतर नातेवाइकांकडून करून घेऊ नये, ते ग्राह्य धरले जात नाही.

मागील दहा वर्षांच्या इतिहासात एकही महिना रिकामा सोडू नये. नोकरी नव्हती तर ‘बेरोजगार’ लिहावे, त्यात कमीपणा काही नाही. कोणत्याही देशाचा व्हिसा पूर्वी नाकारला गेला असल्यास तो सांगावा. मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत काही मिनिटांच्या मुलाखतीत मिळालेला नकारही त्यात येतो. नकार सांगितल्याने अर्ज क्वचितच बिघडतो, न सांगितल्याने मात्र कलम ४० लागू होऊ शकते.

पुण्यातील एजंटाचे पत्र घेऊ नये. नोकरीच्या प्रस्तावाचे सीआरएसमधील ५० किंवा २०० गुण २५ मार्च २०२५ पासून रद्द झाले आहेत, म्हणजे ज्या लाभासाठी ते विकले जात होते तो लाभच उरलेला नाही. परदेशी कामगार घेण्यापूर्वी नियोक्त्याला श्रमबाजार मूल्यांकनासाठी भरावे लागणारे १००० डॉलरचे शुल्कही तो कामगाराकडून वसूल करू शकत नाही. मोबदला घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अधिकार कॅनडाच्या कायद्याने वकील आणि परवानाधारक सल्लागार अशा मोजक्यांनाच दिला आहे. सल्लागारांची नियामक संस्था सीआयसीसी असून तिची नोंदवही कोणालाही पाहता येते. तेथे नाव नसेल तर संभाषण तिथेच थांबवावे. अर्ज कोणीही भरला असला तरी त्यातील प्रत्येक विधानाची जबाबदारी अर्जदाराचीच मानली जाते. मी स्वतः या व्यवसायात असूनही सांगतो की, आपला अर्ज, विवाहाचा मुद्दा नीट मांडल्यास, आपण स्वतः भरू शकाल. एक-दोन वेळा सशुल्क सल्ला घेणे पुरेसे आहे.

पुढे कधी खुलासा मागणारे पत्र आले तर त्याला मुदतीत, पुराव्यासह आणि संयत भाषेत उत्तर द्यावे. मुदत अपुरी असल्यास ती संपण्याआधीच वाढवून मागावी. नकार आलाच, तर कॅनडात दिलेल्या निर्णयावर फेडरल कोर्टात जाण्यासाठी केवळ १५ दिवस असतात. पाच डॉलर भरून माहिती अधिकाराखाली अधिकाऱ्याची टिपणे मागवता येतात, पण ती हाती येईपर्यंत हे १५ दिवस निघून जातात, म्हणून वकिलाकडे आधी जावे.

नागरिकत्वाची तयारी आजपासूनच करता येते. अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत १०९५ दिवस कॅनडात प्रत्यक्ष राहिलेले असावे लागते. पीआरपूर्वी विद्यार्थी किंवा कामगार म्हणून राहिलेला प्रत्येक दिवस अर्धा धरला जातो आणि असे कमाल ३६५ दिवस मिळतात. त्यामुळे बहुतेकांना पीआरनंतर दोन वर्षांचे वास्तव्य पुरते. प्रत्येक प्रवासाची जाण्या-येण्याची तारीख एका वहीत लिहून ठेवावी आणि अर्ज काठावर न करता काही आठवडे जास्तीचे ठेवून करावा. पाचपैकी तीन वर्षांची करविवरणपत्रेही लागतात. ५५ वर्षांखालील प्रौढांना परीक्षा असते, वीस प्रश्नांपैकी पंधरा बरोबर यावे लागतात. ती अवघड नाही.

अवघड असतो तो भारताच्या बाजूचा निर्णय. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. पासपोर्ट परत करून समर्पण प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि मगच परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाचा अर्ज करता येतो. ओसीआयधारकाला मतदान करता येत नाही आणि शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळ्याची जमीन खरेदी करता येत नाही.

आपल्या शेवटच्या प्रश्नामागे हेच कारण असावे. परंतु ही मर्यादा नागरिकत्व बदलल्यावर सुरू होते असे नाही. परकीय चलन कायद्यानुसार भारताबाहेर राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही, म्हणजे आज आपल्यालाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. ‘नागरिकत्वाआधी घेऊन ठेवा’ हा गावाकडून येणारा सल्ला म्हणूनच चुकीचा आहे, आणि भारतात राहत असल्याचे दाखवून केलेले खरेदीखत पुढे दोन्ही देशांत अडचणीचे ठरू शकते. वडिलांच्या नावावरील जमीन वारसाहक्काने आपल्याकडे येण्यास मात्र आडकाठी नाही, ओसीआय झाल्यावरही नाही. वडिलांशी बोलून सातबारा आणि फेरफार नोंदी अद्ययावत करून घ्याव्यात, त्यावरील आपले नाव पासपोर्टशी जुळते का ते पाहावे आणि त्यांना मृत्युपत्र करायचे असेल तर डिसेंबरमध्ये आपण तेथे असतानाच ते नोंदवून घ्यावे.